निजलेली पोती

शेकोटीत कापसाच्या अजून दोन पऱ्हाट्या सारा. ही गाड्यांची रांग काही सकाळशिवाय हलत नाही. कापसाचा काटा सुरू व्हायचा तर आधी दिवस वर यायला हवा, मग मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर यायला हवा, मग त्याचा चहा व्हायला हवा. तोवर रात्र आपलीच आहे. भुताची गोष्ट मागितलीत, सांगतो. पण यातलं भूत कोण ते शेवटी तुमचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर यातली बरीचशी भुतं सकाळी अंघोळ करून, टोपी घालून नगरपालिकेत जात होती.

इब्राहीम गाडीवान माझ्या माहितीतला. वाशीमच्या स्टेशनाकडे आमचा माल कितीतरी वर्षं त्याच्याच गाडीतून जायचा. खोटं बोलणारा माणूस नव्हे. खरं तर फारसं बोलणाराच नव्हे. ही गोष्ट त्यानं एकदाच सांगितली, तीही बैलांकडे तोंड करून. त्या दिवशी जे ऐकलं तेच तुम्हाला सांगतो, पदरचं काही घालत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही शाळेत सुकडी खात होतात, म्हणून तुम्हाला तो गोड आठवतो. पैनगंगेच्या पलीकडून माणसं येत होती, डोक्यावर गाडगी-मडकी, कडेवर पोरं. कुणी खडी फोडायला, कुणी नुसतंच, गावात काही नाही म्हणून. त्या तालुक्याच्या गावाचं नाव मी घेत नाही. तिथल्या नगरपालिकेनं या माणसांना निवारा द्यायचं ठरवलं आणि लगेच हातही झटकले. काम खाजगी कंत्राटदाराला देऊन टाकलं. जगदेवराव म्हणून एक गृहस्थ होते. गोरे, गुबगुबीत, बोलायला लोण्यासारखे. त्यांना दोन जागा मिळाल्या. एक सरकी काढायच्या, बंद पडलेल्या जिनाची शेड, गावाच्या या टोकाला, आणि दुसरं गोदाम शिरपूरच्या रस्त्यावर, पुलाच्या पलीकडे. रात्री जितकी माणसं निजतील तितक्यांचे पैसे. माणसामागे एक कांबळं आणि संध्याकाळी मिलोची, म्हणजे त्या परदेशी लाल ज्वारीची, एक भाकर द्यायची, एवढीच अट.

आता माणूस म्हटला की भाकर खातो. जगदेवरावांना तेवढंच खटकलं.

म्हणून त्यांनी पोती शिवून घेतली. जिनातला कचरा, सरकीची टरफलं, पऱ्हाटीचे तुकडे कोंबायचे, वरच्या बाजूला सुतळीनं आवळायचं, म्हणजे मान होते. वरून कांबळं टाकलं की झाला माणूस. दाराजवळच्या ओळीत खरी माणसं, कुणी हटकलंच तर उत्तर द्यायला; मागं अंधारात सगळी पोती. तपासणीचा साहेब रात्रीच यायचा, कारण दिवसा माणसं कामावर. नाकाला रुमाल लावून दारात उभा राहायचा, बॅटरी फिरवायचा आणि कांबळ्याखालचे उंचवटे मोजून निघून जायचा. आत पाऊल टाकायला त्याला शिसारी यायची. माणसांची शिसारी, बरं का. पोत्यांची नव्हे.

आणि दाराबाहेर खरी माणसं उभी असत. त्यांना सांगायचं, जागा नाही.

इब्राहीमचं काम सोपं होतं. जिनाची तपासणी झाली की साहेब जगदेवरावांच्या घरी जेवायला जायचे. तेवढ्या वेळात पोती आणि कांबळी गाडीत भरून मागच्या रस्त्यानं पुलापलीकडच्या गोदामात पोचवायची. तीच पोती, तीच कांबळी, दोन्हीकडे निजायची. या कामाचे त्याला पैसे नव्हते, कडबा होता. लाल्या आणि बांड्या, दोन्ही बैल त्यानं वासरं असल्यापासून वाढवलेले. लोक त्या वर्षी जनावरं मातीमोल विकत होते किंवा रस्त्यावर सोडून देत होते. रहमतबीनं, त्याच्या बायकोनं, स्वतःच्या छपराचं गवत उपसून बैलांपुढं टाकलं होतं, तेही संपलं होतं. तेव्हा इब्राहीमनं पोत्यांत काय आहे ते पाहिलं नाही. त्याला कडबा दिसला.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता आणि नेमकी अमावास्या. त्र्याहत्तर साल लागून चारच दिवस झालेले. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी. दिवेलागणीला इब्राहीम जिनाच्या फाटकापाशी गाडी लावून उभा होता. तेव्हा ती बाई आली. अंगावर विटका पातळ, खांद्याशी दीड-दोन वर्षांचं पोर, आणि दुसऱ्या हातात एक गाडगं. फाटकावर मदनसिंग मुकादम होता. त्यानं तिला नेहमीचं उत्तर दिलं.

"मले नको जागा," ती म्हणाली. "मी बाहीरच बसीन. लेकराले तेवढं आत निजू द्या."

मदनसिंग म्हणाला, पोरं कांबळी खराब करतात, शेठ ओरडतो. त्यावर खोटं बोलायचं तिला सुचलं नाही.

"भिजवते तो पहाटेचं एकडाव. पण मी कांबळं धुऊन देईन, भाऊ. कोरं करून देईन."

"धुवाले पाणी कुठचं आणशीन? इथं प्याले नाई."

"आणीन कुठून तरी."

मदनसिंगला याचं फार हसू आलं. हसत हसत त्यानं फाटकाची कडी लावून घेतली. मग ती इब्राहीमकडे वळली. गाडीवान माणूस, आत-बाहेर करणारा, तिला वाटलं हा तरी खरं सांगेल. तिनं विचारलं, "तुमी आत जाता. खरंच भरेल हाय काय?"

इब्राहीम लाल्याच्या कानामागे खाजवत होता. लाल्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. त्यानं हात थांबवला नाही आणि तिच्याकडे पाहिलंही नाही.

"हो, माय," तो म्हणाला. "भरेल हाय सारं."

तिनं मान हलवली. भांडली नाही. तिचा नवरा ग्यानबा मंगरूळकडे खडी फोडायला गेला होता, तो उद्या-परवा विचारत येणार होता. त्याला निरोप द्यायला तिनं सांगितलं, भागिरथा शिरपूरच्या रस्त्यावर पुलाखाली आहे म्हणून. एवढं बोलून ती चालू लागली. पोर तिच्या खांद्यावर खोकत होतं. कोरडा, बारीक खोकला... खुक... खुक... लांबपर्यंत ऐकू येत होता.

यथावकाश साहेब आले, बॅटरी फिरली, साहेब गेले. त्या दिवशी जगदेवरावांकडे लक्ष्मीचं उद्यापन होतं, पुरणाचा स्वयंपाक होता. साहेब जेवले, मग पान झालं, मग पत्ते निघाले. इब्राहीमनं गाडी भरली आणि कंदील बारीक करून मागच्या रस्त्याला लावली.

आता तुम्ही सगळे गाडीवाल्यांची पोरं. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. रात्रीच्या रस्त्यावर लेकुरवाळी बाई एकटी दिसली की गाडी थांबते. ओळख लागत नाही, जात लागत नाही, तिनं हाक मारावी लागत नाही. गाडीवानच विचारतो, बस माय, कुठं सोडू? इब्राहीमच्या बापानं त्याला कासरा हातात देताना ही एकच गोष्ट शिकवली होती, आणि त्यानं ती जन्मभर पाळली होती.

पूल आला. रस्त्याच्या कडेला ती उभी होती. गाडीचा आवाज ऐकून वर आली असावी. खांद्याशी पोर. काही बोलली नाही. नुसती उभी राहिली, गाडी थांबणारच अशी.

बैलांनाही रीत ठाऊक. दोघं आपोआप मंदावले.

इब्राहीमच्या मनात आलं, बसवावी. मग आलं, गाडीत पोती आहेत. माना बांधलेली. ती पाहील, आणि तिला कळेल की आत कोण निजलं होतं. उद्या ती चारचौघांत बोलेल, कडबा बंद होईल, आणि फाल्गुनाच्या आत लाल्या आडवा होईल. एवढं सगळं एका क्षणात मनात आलं. त्यानं बैलांची शेपटी पिरगाळली.

बैल चालत नव्हते. त्यानं चाबूक काढला. आयुष्यात पहिल्यांदा बांड्याच्या पाठीवर वळ उठवला. गाडी तिच्या अंगावरून गेली म्हणा, इतक्या जवळून गेली. कंदिलाच्या उजेडात त्याला तिचे पाय दिसले. धुळीनं पांढरे. वर पाहायचं त्यानं टाळलं.

पूल मागं पडला.

थोडं पुढं गेल्यावर गाडी जड झाली. आधी त्याला वाटलं, रस्ता रेताड आहे. रस्ता रेताड नव्हता. पोती तर कापसासारखी हलकी, चार जण बसल्यागत गाडी दबावी असं त्यांत काही नव्हतं. पण जू बैलांच्या मानेत रुतत होतं. बैल फुरफुरत होते. मागं, गाडीच्या अगदी मागच्या बाजूला काहीतरी हललं. निजलेला माणूस कूस बदलतो ना... तसं.

इब्राहीम पुढं पाहत राहिला.

खुक...

त्यानं बैलांना हाकारलं.

खुक... खुक...

बारीक. कोरडा. मागून. पोत्यांमधून.

मग एक बाईचा आवाज, शब्द नाहीत, नुसतं थोपटताना करतात तसं... अंऽ... अंऽ... आणि खोकला थांबला.

त्यानं मागं वळून पाहिलं का, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, नाही पाहिलं. मागं फिरला का? नाही फिरलो. भीती वाटली म्हणून नाही फिरलास? म्हणाला, भ्यालो तर होतोच. पण गोदाम जवळ आलं होतं आणि मालाचा खोळंबा झाला असता.

ही बघा नोकरी. भूत मागं बसलंय, आणि माणूस म्हणतो मालाचा खोळंबा.

गोदामावर मदनसिंग आधीच पोचला होता. त्याच्या माणसांनी अंधारातच पोती उतरवली, ओळी लावल्या, कांबळी टाकली. हाताला सवय होती, दिवा लागत नव्हता. इब्राहीम गाडीपाशीच राहिला. साहेबांचे पत्ते लांबले. ते आले तेव्हा लांब कुठंतरी कोंबडा आरवला होता, आणि त्यांना झोप अनावर झाली होती. नाकाला रुमाल लावून ते दारात उभे राहिले. जगदेवराव मागं, हातात पानाचा डबा घेऊन.

बॅटरीचा उजेड खऱ्या माणसांवरून फिरला, मग पोत्यांवरून. एक ओळ, दुसरी ओळ. शेवटच्या ओळीच्या टोकाला थांबला.

तिथं एक उंचवटा कुशीवर निजला होता. गुडघे पोटाशी. आणि त्या वळणात एक लहान उंचवटा.

"लेकुरवाळी दिसते," साहेब म्हणाले. आवाजात जरा दयाही होती, पुरणपोळीनं येते तेवढी. "चला, ठीक आहे."

साहेबांना जीपमध्ये बसवून जगदेवराव परत आले ते खूष होऊन. मदनसिंगच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लेकराचं पोतं कवा शिवलं रे? अस्सल जमलं. आता दोनचार तशीच शीव."

मदनसिंग हसला नाही. "शेठ, म्या नाई शिवलं."

"मंग कोणं?"

मदनसिंगनं इब्राहीमकडे पाहिलं. इब्राहीमनं नाही म्हणून मान हलवली. मग तिघंही आत गेले. खरी माणसं दाराशी जागी झाली होती, पण कुणी उठलं नाही. मदनसिंगच्या हातात कंदील होता. शेवटच्या ओळीपाशी गेल्यावर त्यानं तो खाली ठेवला.

उंचवटा तिथंच होता. श्वासाबरोबर कांबळं वर होत होतं... खाली होत होतं... अगदी सावकाश.

"उचल," जगदेवराव म्हणाले.

मदनसिंगनं टोक धरलं. उचललं.

खाली काही नव्हतं.

पोतंही नव्हतं. नुसती जमीन. हातात कांबळं रिकामं लोंबत होतं, आणि त्याच्या मध्यावर एक ओला डाग होता, ताटाएवढा. थंडीत त्यातून वाफ निघत होती. मदनसिंगचा अंगठा त्या डागावर पडला होता.

"गरम हाय," तो म्हणाला. "शेठ... गरम हाय हे."

त्यानं कांबळं तिथंच टाकलं. अंगठा धोतराला पुसला, पुन्हा पुसला, पुसतच राहिला. जगदेवराव दाराकडे निघाले होते. त्यांच्या तोंडातलं पान छातीवर ओघळलं होतं. इब्राहीम त्या दोघांच्याही आधी बाहेर पडला. गाडी उलटी फिरवली आणि पुलाकडे पळवली. या खेपेला बैलांना चाबूक लागला नाही.

पुलाखाली भागिरथा बसली होती. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. पोर पदरात गुंडाळलेलं. शेजारी गाडगं, कोरडं. इब्राहीमनं हाक मारली. मग हात लावला. दोघांची अंगं लाकडासारखी कडक झाली होती. हे आत्ताचं मरण नव्हतं, रात्रीच्या पहिल्या प्रहराचं होतं. मग तो गाडी हाकत आला तेव्हा रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पायांची, कोण उभं होतं?

इब्राहीमनं तिला उचलून गाडीत ठेवलं. पोर तिच्या हातांतून सुटत नव्हतं, म्हणून दोघांना एकत्रच ठेवलं. म्हणाला, "चाल माय, बस." आपण काय बोलून राहिलो ते त्याच्याही ध्यानात नव्हतं.

उजाडलं तेव्हा गाडी गोदामापुढच्या रस्त्यावर उभी होती आणि इब्राहीम एकेक पोतं बाहेर ओढून विळ्यानं फाडत होता. टरफलं, कचरा, पऱ्हाटी, सगळा रस्ता भरला. पुलापासून, नाल्यापासून, झाडांखालून माणसं गोळा झाली. रोज संध्याकाळी फाटकावरून परत फिरलेली माणसं. ती त्या कचऱ्याकडे पाहत होती. आपल्या जागेवर कोण निजत होतं ते त्यांना आज दिसलं. एक म्हातारी पुढं झाली, पोत्याच्या बांधलेल्या मानेवर थुंकली आणि बाजूला जाऊन बसली.

जगदेवराव तोवर सावरले होते, कपडे बदलून आले होते. गर्दीपासून लांब उभे राहून ते हळूच म्हणाले, "कडबा खाताना गोड लागला ना, इब्राहीम?"

गाडीच्या मागं उरलेला कडबा बांधलेला होता, तो सोडून इब्राहीमनं त्यांच्या पायाशी टाकला. सांगायला वाईट वाटतं, पण फाल्गुनात लाल्या खरंच गेला. बांड्या वाचला.

पुढं काय झालं विचारता? चौकशी झाली. साहेबांची बदली झाली, चांगल्या ठिकाणी. जगदेवरावांचं कंत्राट काढून घेतलं आणि त्यांच्या मेहुण्याला दिलं. ही आठवण झाली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ते चिंचेचं नव्हे, थुंकायचं. मदनसिंग तेवढा काम सोडून गेला. म्हणतात, उजवा अंगठा धुवायला त्याला दिवसभर पाणी लागायचं.

दुपारी ग्यानबा विचारत आला. निरोप द्यायचा होता तो इब्राहीमनं दिला. कसा दिला ते त्यानं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ग्यानबा खाली मातीत बसला. मग म्हणाला, पोरगं गाडीत उघडं आहे, अंगावर टाकायला काही आहे का? इब्राहीमला ते कांबळं आठवलं. तो गोदामाकडे गेला. पोलिसांनी सकाळीच कुलूप लावलं होतं, आणि त्याआधी त्या कांबळ्याजवळ जायची कुणाची छाती नव्हती. खिडकीतून पाहिलं, तर शेवटच्या ओळीच्या टोकाला जागा रिकामी होती. कांबळं नव्हतं.

तो मागच्या बाजूला गेला. तिथं बाभळीचं कुंपण होतं. कुंपणावर कांबळं वाळत घातलं होतं. चारही टोकं नीट ओढून, मधे सुरकुती नाही. डाग नव्हता. धुऊन, पिळून, अगदी कोरं केलेलं.

त्याच्या कडेनं अजून पाणी ठिबकत होतं, टप... टप... आणि खाली मातीत लहानसं थारोळं झालं होतं. गोदामाच्या विहिरीत तो डोकावला. तळाला चिखल होता, तोही फाटलेला. बादली उपडी, दोर कोरडा. त्या गावात त्या महिन्यात प्यायला पाणी नव्हतं.